संध्याकाळ सांभाळा : वर्षावनातल्या डास-जळवांच्या चाव्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. पुढच्या महिन्यात मी, माझे यजमान आणि आमची अकरा वर्षांची लेक असे तिघं बोर्निओच्या वर्षावनात सहा दिवसांसाठी जाणार आहोत. ओरांगउटान झाडावर बघायचं, हे लेकीचं तिसरीत असल्यापासूनचं स्वप्न. तिकिटं निघाली आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. मला साधा डास चावला तरी नाण्याएवढी गांध उठते आणि दोन-दोन दिवस लाल राहते. रात्री मोबाइलवर शोधत बसते, तर कातडीखाली वाढणाऱ्या अळ्या, बंदुकीच्या गोळीसारखी डसणारी मुंगी, मोज्यात टम्म फुगलेल्या जळवा असलं काय काय दिसतं. यजमान म्हणतात, तू उगाच घाबरतेस. लेकीसमोर मी हसून वेळ मारून नेते, पण आत धडधड चालूच असते. सहल रद्द करावी का? नाही केली तर नेमकं काय जपू? लेकीला आधीपासून गोळ्या द्यायच्या का?
– एक आई

उत्तर : सहल रद्द करू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

उगाच घाबरताय असंही मी म्हणणार नाही. जंगलात काहीतरी चावणार, हे नक्की. सर्वेक्षणाला जाणाऱ्या तुकड्यांबरोबर छावणीची डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं वर्षावनांत राहिले आहे. त्या सगळ्या काळात माझ्या तंबूत रात्री-अपरात्री धावत आलेली माणसं कशासाठी आली होती, ते आठवून बघते. जळू लागली, मुंगीनं फोडून काढलं, मोठा कोळी अंगावरून गेला, पाठीवर गोचीड सापडली. त्यांतलं कुणी गंभीर आजारी पडल्याचं मला आठवत नाही. ज्यांना होडीत घालून रुग्णालयात पोचवावं लागलं ते तापाचे रुग्ण होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काही चावलं होतं हेच आठवत नव्हतं. म्हणून म्हणते, तुमची भीती खरी आहे, फक्त तिचा पत्ता चुकलाय. जे दिसतं, खाजतं, किळस आणतं त्याला आपण घाबरतो. खरं जपायचं ते न जाणवणाऱ्या चाव्याला आणि परतल्यानंतरच्या तापाला.

आता तुमच्या मोबाइलवरची दोन चित्रं पुसून टाकूया. गोळीसारखी डसणारी ती मुंगी, म्हणजे बुलेट अँट, फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असते. माणसाच्या कातडीखाली अळी वाढवणारी ती माशी, ह्यूमन बॉटफ्लाय, तीही तिकडचीच. बोर्निओत तुमची या दोघींशी गाठ पडणार नाही.

जळवा मात्र भेटतील. पावसानंतर तर हमखास. जळू हा कीटक नाही, गांडुळाच्या नात्यातला जीव आहे, आणि ती चावल्यानं माणसाला आजार होतो असं सहसा घडत नाही. बोर्निओत दोन प्रकारच्या जास्त दिसतात. तपकिरी जळू जमिनीवरच्या पाचोळ्यातून बुटावर चढते आणि तिचा चावा कळतही नाही. पट्टेवाली टायगर लीच कमरेएवढ्या उंचीच्या पानांच्या टोकाला बसून असते. तुमचा श्वास आणि अंगाची ऊब लागली की ताठ उभी राहते आणि हवेत तोंड फिरवत तुम्हाला शोधते. तिचा चावा झणझणतो.

चिकटलेली दिसली तर ओढू नका आणि किंचाळू नका, लेक बघत असेल. नीट बघा. जळवेचं एक टोक निमुळतं असतं आणि एक जाड. निमुळत्या टोकाला तोंड असतं. त्या तोंडाजवळची आपली कातडी एका हाताच्या बोटानं जरा ताणून धरा आणि दुसऱ्या हाताचं नख कातडीला लावून आडवं सरकवा, टेबलावरचा चिकटकागद सोडवतो तसं. तोंड सुटलं की लगेच जाड टोक तसंच सोडवा आणि टिचकी मारून दूर उडवा, नाहीतर ती बोटाला चिकटते. मीठ, काडीपेटी, सिगारेट, तंबाखू यांतलं काहीही नको. असा त्रास दिला की जळू पोटातलं जखमेत ओकते आणि मग जखम चिघळू शकते. सुटल्यानंतर रक्त बराच वेळ वाहतं, कधी काही तास. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून ते वाहतं. जखम मोठी असते असं नाही. साबण-पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडाची घडी दाबून धरा, वर पट्टी लावा. घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर मात्र ते डॉक्टरांना आधी सांगा. दाट विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे लीच सॉक्स मिळतात. ते पँटच्या वरून चढवून नाडी बांधायची. फिक्या रंगाचे घ्या, म्हणजे वर चढणारी जळू दिसते.

पहिल्यांदा जळू लागली तेव्हा मी एका ओंडक्यावर बसून तिचं पिणं पूर्ण होऊ दिलं होतं. वीसेक मिनिटं लागली असतील. पोट भरल्यावर ती आपोआप गळून पाचोळ्यात पडली. तुम्ही असं करावं असं मुळीच नाही, पण त्या दिवसानंतर मला जळवांची भीती वाटली नाही.

आता डासांकडे येते. इथे मला तुमचं पूर्ण लक्ष हवंय.

बोर्निओच्या जंगलात मलेरियाचा एक वेगळा प्रकार आहे, नोलेसाय. तो मुळात माकडांचा, शेपटीवाल्या मकाक माकडांचा. डास माकडाला चावतो आणि मग माणसाला. माणसांमध्ये तो किती पसरलाय हे २००४ साली सारावाकमधल्या कापित भागातल्या रुग्णांवरून पहिल्यांदा जगासमोर आलं. तोवर सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या एका सौम्य मलेरियासारखा दिसायचा आणि तसाच नोंदवला जायचा. पण तो सौम्य नाही. आपल्या ऐकण्यातला मलेरिया एक दिवसाआड चढतो. नोलेसायचा जंतू दर २४ तासांनी वाढतो, त्यामुळे ताप रोज येतो आणि माणूस लवकर ढासळू शकतो. वेळेत औषध मिळालं तर पूर्ण बरा होतो. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना आणि जंगलात काम करणाऱ्यांना याचा धोका जास्त. सहा दिवसांच्या पाहुण्याला तो कमी असतो, पण शून्य नसतो.

मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलीस डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो, आणि बोर्निओतला जंगलाचा डास तर अंधार पडायला लागला की लगेच कामाला लागतो. म्हणजे नेमकं केव्हा? तुम्ही दिवसभर चालून परतलेल्या असता, बूट काढलेले असतात, आंघोळ करून अर्ध्या बाह्यांचा सदरा नि चपला घालून नदीकाठच्या ओसरीवर बसलेल्या असता तेव्हा. दिवसभर अंग झाकून फिरलेली माणसं नेमकी त्या वेळी उघडी बसतात. माझ्या तुकडीतल्या लोकांना मी एकच शिस्त लावली होती. सूर्य झाडांमागे गेला की आधी पूर्ण बाह्या, पायांत मोजे आणि घोट्याला मलम, मग गप्पा. (मलम म्हणजे डास पळवणारं.) तुमच्या घरातही हे काम कुणाकडे तरी द्या. लेकीकडे दिलंत तर ती तुमच्यापेक्षा कडक पहारा करेल.

मलमाचं सांगते. डीट किंवा पिकारिडिन, या दोन नावांपैकी एक डबीवर असलं पाहिजे. डीट २० ते ३० टक्के, पिकारिडिन २० टक्के. डीटचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर नेऊन जास्त वेळ संरक्षण मिळत नाही, नुसती त्वचा चुरचुरते. डीट प्लास्टिक विरघळवतं. एकदा मलमाच्या हातानं घड्याळ बांधलं, तर संध्याकाळी पट्टा मऊ पडून मनगटावर काळा डाग उमटला होता. चष्म्याची फ्रेम, दुर्बीण, मोबाइलचं कव्हर जपा. दुर्बीण सतत हातात असणार असेल तर पिकारिडिन सोयीचं. उन्हाचं क्रीम लावणार असाल तर ते आधी, ते जिरलं की वर हे. घामानं ते वाहून जातं, त्यामुळे सकाळचं लावलेलं संध्याकाळपर्यंत पुरत नाही, पुन्हा लावावं लागतं. आणि कुठे लावता ते बघा. दंडावर सगळेच चोपडतात. घोटे, पोटऱ्यांची मागची बाजू, कानांच्या पाळ्यांमागे, मानेवर केस संपतात तिथे आणि तळहाताच्या मागे, या जागा राहून जातात. लेकीला तुमच्या हातानं लावा. तिच्या तळहातांना लावू नका, तेच हात डोळ्यांना जातात. झोपायच्या आधी धुऊन टाका.

परमेथ्रिन हे कीटकनाशक मारलेले कपडे मिळतात, किंवा फवारा आणून घरी मारता येतो. तो कपड्यांसाठीच असतो, अंगावर मारायचा नाही. आदल्या दिवशी उघड्या हवेत कपडे टांगून फवारा आणि पूर्ण वाळू द्या. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांच्या आसपास तिला फिरकू देऊ नका, परमेथ्रिन मांजरांना विषारी असतं. पँट मोज्यांत खोचा, सदरा पँटमध्ये. कपडे सैल असू द्यात. अंगाला घट्ट बसलेल्या कापडातून डासाची सोंड सहज आत जाते.

कानाला न ऐकू येणारा आवाज करून डास पळवणारी यंत्रं, मनगटाला बांधायचे सुगंधी पट्टे, ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांच्यावर विसंबू नका. ती उपयोगी पडत नाहीत, आणि आपण बिनधास्त होतो हे जास्त वाईट.

मच्छरदाणीबद्दल एकच गोष्ट, पण ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या तुकडीतला एक तरुण सकाळी उठून आला. सगळं अंग साफ आणि उजव्या कोपरावर वीत-दीड वीत जागेत गांधीच गांधी, मोजायची सोय नाही. झोपेत कोपर जाळीला टेकलेलं राहिलं होतं आणि बाहेर बसलेल्या डासांनी रात्रभर जाळीतून तिथे जेवण केलं होतं. जाळी आतल्या माणसाला टेकता कामा नये. कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा, आत शिरल्यावर विजेरीनं कोपरे बघा, भोक असेल तर टाका घाला किंवा चिकटपट्टी लावा. कीटकनाशकात भिजवलेली जाळी मिळाली तर उत्तम, मग टेकलेल्या कोपराचंही थोडं रक्षण होतं.

मलेरिया टाळायच्या गोळ्यांबद्दल. द्यायच्या की नाही हे तुम्ही नेमक्या कुठे, किती दिवस, कशा जागी राहणार यावर ठरतं. त्यामुळे मुक्कामांची यादी घेऊन निघण्याआधी निदान चार आठवडे प्रवास-आरोग्याच्या डॉक्टरांकडे जा. जपानी मेंदूज्वराच्या लशीचंही तेव्हाच विचारा. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिलं तर जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर आणखी ७ दिवस घ्यायचं असतं. डॉक्सीसायक्लीन परतल्यावर चार आठवडे. लेकीचा डोस वजनावरून ठरतो. परत आल्यावर बरं वाटतंय म्हणून गोळ्या मधेच सोडतात आणि मग आजारी पडतात, अशी माणसं मी पाहिली आहेत. शेवटची गोळी संपेपर्यंत घ्यायचीच, असं घरात ठरवून टाका.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. डेंग्यूचा डास जंगलापेक्षा शहरात जास्त, आणि तो दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि दुपार कलल्यावर विशेष. जंगलाच्या आधी आणि नंतर तुम्ही शहरात एखादी रात्र काढणारच. तिथे मलम पिशवीच्या तळाशी ठेवू नका.

तुमच्या गांधींबद्दल. तुमचं शरीर डासाच्या लाळेवर जोरात उठतं, इतकंच त्याचं कारण. असं असलेल्यांना सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी आधीपासून रोज घेतली तर गांध लहान येते आणि खाज कमी राहते. तुम्हाला चालेल का, हे डॉक्टरांना विचारून सुरू करा. चावल्यावर गार पाण्याची घडी ठेवा, सौम्य हायड्रोकॉर्टिझोन मलम लावा आणि नखं कापलेली ठेवा. दमट हवेत खाजवलेली जागा फार लवकर पिकते. जंगलात मी अंगावरच्या जखमा रोज बघत असे, त्यांतल्या बऱ्याच चाव्याच्या नसायच्या, नखांच्या असायच्या. लाली नुसती गांधीची आहे की जंतू शिरलेत, हे ओळखायला बॉलपेन पुरतं. लालीच्या कडेनं रेघ ओढून ठेवा. गांध पहिल्या दिवशी-दोन दिवसांत वाढते आणि मग उतरते. तिसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर सरकत असेल, जागा गरम आणि दुखरी असेल, पू असेल, तर अँटिबायोटिक लागेल.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे चावल्यावर किंवा डंख बसल्यावर काही मिनिटांत सगळ्या अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं, चक्कर किंवा उलटी. हे बहुधा मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंगीच्या डंखानं होतं. घरात कुणाला पूर्वी असं झालं असेल तर अ‍ॅड्रेनालिनची इंजेक्शनं बरोबर हवीत, दोन तरी, आणि ती कशी टोचायची हे तिघांनाही यायला हवं.

बाकीचं भराभर. सकाळी बूट उलटे करून झटका. झाडाला हात टेकण्यापूर्वी बघा. घाम चाटायला बारक्या मधमाश्या येतील, त्यांना हातानं चिरडू नका, हलकेच झटका. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी एकमेकांच्या काखा, कंबरपट्ट्याची जागा, गुडघ्यामागची वळी तपासा. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल-व्हॅसलिन लावून वाट बघू नका. चावलेल्या जागी पुढे काळी खपली आणि ताप असं दिसलं तर ते स्क्रब टायफसचं असू शकतं. माइट नावाच्या बारीक लाल किड्याच्या पिलांमुळे तो होतो, कपडे घट्ट बसतात तिथे ती चावतात, आणि वेळेत डॉक्सीसायक्लीन मिळालं तर तो लवकर उतरतो. म्हणून खपली डॉक्टरांना दाखवा, लाजून झाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परत आल्यावर तीन महिन्यांत तिघांपैकी कुणालाही ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. "हवा बदलली", "दगदग झाली" म्हणून दोन दिवस काढायचे नाहीत. दारातून आत शिरतानाच सांगायचं, की आम्ही अमुक तारखेला बोर्निओच्या जंगलातून आलोय. मलेरियाची झटपट पट्टी निगेटिव्ह आली तरी काचपट्टीवर रक्त तपासायला सांगा आणि ताप राहिला तर पुन्हा करायला लावा, कारण नोलेसाय त्या पट्टीवर कधी कधी सापडत नाही. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढू शकतो. मलेरियाचे काही प्रकार यकृतात दडून महिन्यांनीही डोकं वर काढतात, म्हणून वर्षभर कुठल्याही तापात या सहलीचा उल्लेख करा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. आणि लेकीला घाबरवू नका, कामाला लावा. जाळीचे कोपरे तपासणं आणि बुटांना झटका देणं तिच्याकडे. ओरांगउटान बहुधा सकाळी लवकर घरट्यातून उठतात. दर संध्याकाळी ते झाडाच्या फांद्या मोडून, वाकवून नवं घरटं बांधतात. तुम्ही खाली मोजे चढवत असाल तेव्हा वर ते चाललेलं असेल, मान वर करून बघा.

प्रश्न : ताई, मी महाविद्यालयात शिकतो. पक्षी बघायला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जायची संधी आली आहे, निघायला पाच आठवडे आहेत. पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का? मित्र म्हणतात, जंगलात कुणी दाखला बघत नाही.
– एक पक्षीनिरीक्षक

उत्तर : घे, आणि याच आठवड्यात घे. दाखला लस टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो, म्हणून उशीर करू नकोस. विमानतळावर कुणी बघेल का हा प्रश्न गौण आहे. पिवळ्या तापावर जंतू मारणारं औषध अजून नाही. गंभीर झाला तर यकृत आणि मूत्रपिंडं जातात, आणि डॉक्टरच्या हातात फक्त आधार देणं उरतं. लस मात्र फार चांगली आहे. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली तयार केलेली १७डी, ज्यासाठी त्यांना १९५१चं नोबेल मिळालं, तीच आजही वापरतात. २०१६ पासून एका लशीचा दाखला आयुष्यभर चालतो. लस जिवंत विषाणूची आहे, त्यामुळे अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार असेल तर टोचण्याआधी सांगायचं.

इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस अ‍ॅमेझॉनमध्ये पक्षी आणि कीटक गोळा करत हिंडत होता, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला होता. परतीच्या जहाजाची वाट बघत हर्बर्ट ब्राझीलमधल्या पारा शहरात थांबला आणि १८५१ साली तिथेच पिवळ्या तापानं गेला. तुझ्याच वयाच्या आसपासचा होता. वॉलेस तेव्हा वरच्या नद्यांवर होता, त्याला हे कितीतरी उशिरा कळलं. डास हा ताप पसरवतो हे कार्लोस फिनले यांनी १८८१मध्ये मांडलं आणि १९०० साली वॉल्टर रीड यांच्या पथकानं सिद्ध केलं. हर्बर्टच्या वेळी कुणाला ते ठाऊकच नव्हतं. तुला ठाऊक आहे आणि लस हाताशी आहे.

जंगलात हा विषाणू माकडांमध्ये असतो आणि उंच फांद्यांवरचे डास तो पसरवतात. तू पक्ष्यांसाठी झाडांच्या शेंड्यावरच्या मचाणावर चढणार, म्हणून मलम तिथेही, भर दिवसा. माझ्या मते दुर्बिणीसाठी तुला पिकारिडिनच बरं.

बुलेट अँट तुला भेटू शकते. तिची वारुळं बहुधा झाडाच्या बुंध्याशी असतात आणि ती खोडावरून चढ-उतार करते, म्हणून पक्षी बघताना खोडाला टेकायची सवय सोड. डसलीच तर दुखणं २४ तासांपर्यंत राहू शकतं, ते आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. गार पट्टी, वेदनाशामक, आणि श्वासाकडे लक्ष. तुझा मुक्काम निग्रो नदीच्या काठी असेल तर डास कमी वाटतील. तिचं पाणी काळं, आम्लयुक्त आणि पोषकद्रव्यं कमी असलेलं आहे, डासांच्या अळ्यांना ते मानवत नाही. पण मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारायचं टाळू नकोस.

प्रश्न : मध्य अमेरिकेच्या जंगलातून येऊन दोन महिने झाले. दंडावर डास चावल्यासारखा एक फोड आला होता, त्याची आता कडा उचललेली, मधे खोलगट अशी जखम झाली आहे. दुखत नाही, पण भरतही नाही. दोन मलमं झाली. काय करू?
– एक प्रवासी

उत्तर : तिसरं मलम आणू नका. न दुखणारी, न भरणारी, कडा उचललेली जखम आणि मागे जंगलाचा प्रवास, एवढ्यावर पहिला संशय लेशमानियासिस या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराचा घ्यायचा. डासाहून बारीक, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आवाज न करणारी वाळूमाशी तो पसरवते. चावा केव्हाच विसरलेला असतो आणि जखम काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसते. नेहमीच्या डासांच्या जाळीतून ती आत शिरू शकते, त्यामुळे जाळी लावली होती म्हणून हे नसेलच असं धरू नका.

याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कुठल्या देशात आणि कुठल्या भागात होता ते लिहून न्या. कडेचा छोटा तुकडा काढून तपासतील. जंतूची नेमकी जात कळणं महत्त्वाचं आहे, कारण तिकडच्या काही जाती बऱ्याच काळानंतर नाकाच्या आणि तोंडाच्या आतल्या त्वचेवर उतरतात, आणि औषध त्यावरून ठरतं. नाक सारखं चोंदतंय किंवा त्यातून रक्त येतंय का, हेही आठवून सांगा. जखम साध्या स्वच्छ पट्टीनं झाकून ठेवा.

आणि फोडात काही हलल्यासारखं वाटत असेल, मधे बारीक छिद्र असून त्यातून पाणी झिरपत असेल, तर ती बॉटफ्लायची अळी असू शकते. ही माशी आपली अंडी उडत्या डासाच्या पोटाला चिकटवते आणि डास चावायला बसला की उबेनं अळी कातडीत उतरते. पिळून काढू नका, ती आतच फुटते. डॉक्टर बधिर करून काही मिनिटांत काढतात. तुमच्या वर्णनावरून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते. तपासणीचा निकाल आला की मला कळवा.